बैल तोरणाखाली, माय दावणीला

आज पिठोरी अमावास्या. वऱ्हाडातील घराघरांत आज दोन पूजा होतात. दुपार कलताना बैलांचा पोळा आणि दिवेलागणीनंतर मातांची पिठोरी. एकाच तिथीस हे दोन्ही यावेत यात पूर्वसूरींचा काही हेतू होता काय, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु पिठोरीची कहाणी ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे, त्यांना ती सून आठवत असेल. दर श्रावणी अमावास्येस ती बाळंत होई आणि दर वेळी तिचे मूल दगावे. सासरने घराबाहेर काढलेली ती अभागिनी अरण्यात गेली, चौसष्ट योगिनींची पूजा तिने आडून पाहिली, आणि 'अतिथी कोण?' या प्रश्नाला 'मी' असे उत्तर देऊन आपली सारी लेकरे जिवंत परत घेऊन आली. लेकरे जगावीत, एवढेच या व्रताचे मागणे. म्हणूनच आजच्या दिवसाला मातृदिन म्हणतात.

मातृत्वाचा हा धागा हाती धरून आज पोळ्याकडे पाहावे, असे आमच्या मनात आहे.

जऊळका हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा लोहमार्ग गावावरून जातो, म्हणून पंचक्रोशीत त्यास 'जऊळका रेल्वे' असे म्हणतात. मार्ग पूर्वी अरुंद होता, २००८ साली रुंद झाला. जिल्हाही पूर्वी अकोला होता, १ जुलै १९९८ पासून वाशीम झाला. पोळा मात्र होता तसाच आहे. आदल्या सायंकाळी खांदशेकणी होते. वर्षभर जूं वाहून कठीण झालेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून ते शेकतात, आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे बैलांना रीतसर निमंत्रण दिले जाते. सकाळी नदीनाल्यावर आंघोळी होतात. नवी वेसण, नवा कासरा, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, शेंब्या, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग. मग मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, मानाची जोडी पुढे होते आणि तोरण तुटते. अलीकडे सजावटीस बक्षिसे देतात. कोणाची झूल भारी, कोणाच्या शिंगांवर मोरपिसे अधिक, यावर गावात चार दिवस चर्चा चालते.

वाचकहो, त्या तोरणाखाली उभ्या असलेल्या उत्तमातल्या उत्तम बैलाकडे एकवार निरखून पाहा. रुंद छाती, भरलेले वशिंड, सरळ पाय, शांत डोळा. गावाने एकमुखाने निवडलेला हा बैल. पण त्याची एक गोष्ट कोणी बोलत नाही. त्याला वंश नाही. दोन-दाती, चार-दाती झाला तेव्हाच तो खच्ची झाला. ज्या गोऱ्ह्यात आपल्याला सर्वाधिक गुण दिसले, त्याचेच बीज आपण सर्वांआधी संपविले. गावातील गाई मग कोणापासून फळतात? जो कोणाच्या नजरेत भरला नाही, बडवायचा राहून गेला, दावे तोडून आखरावर हिंडत राहिला, त्याच्यापासून. आपण निवड करतो खरी, परंतु ती उलटी करतो.

आणि त्या बैलाची माय? ती यावेळी घरी दावणीला कुटार चघळीत उभी असते. तिचे नाव झडतीत येत नाही.

हे आम्ही दुसऱ्याच्या घरचे सांगत नाही. आमची शेती जऊळक्याची. दावणीला पाचांहून अधिक जनावरे आमच्याकडे कधी नव्हती. एक जोडी, दोन गाई आणि असलेच तर एखादे वासरू. त्या गाईंपैकी एकीला घरात तांबी म्हणत. दिसावयास ती मुळीच देखणी नव्हती. एक शिंग वर गेलेले, एक किंचित खाली आलेले. अंगानेही बेताचीच. पहिल्या महिन्यात दुसरी गाय तिच्यापेक्षा अधिक दूध देई, म्हणून पाहुण्यांस दुसरीच दाखविली जाई. परंतु तांबी नऊ वेळा व्याली, आणि तिच्या नऊ वासरांपैकी एकही दगावले नाही. दुसरीची पाचांपैकी दोनच जगली. तांबीचे दूध थोडे कमी असे, पण ते सात-आठ महिने टिके. चैत्र-वैशाखात, जेव्हा गावातल्या निम्म्या गाई आटलेल्या असत, तेव्हा आमच्या देवापुढच्या नैवेद्याच्या वाटीत दूध असे ते तिचे.

तिला पाच गोऱ्हे झाले. पहिल्या दोघांची जोडी जुळली आणि ती सात वर्षे आमच्या शेतात राबली. एका पोळ्यात तिला मानाचा नारळही मिळाला. तिसऱ्याच्या वेळी आमची आजी वडिलांना म्हणाली, ''बापू, तांबीचा येक गोऱ्हा तसाच राहू दे. तिच्या वासराले मरण नाई.'' वडील म्हणाले, ''सांड ठिऊन त्याले खायले काय घालू, माय?'' त्या प्रश्नाला आजीपाशी उत्तर नव्हते. १९७२ च्या दुष्काळाचे दिवस होते. कडब्याला सोन्याचा भाव होता. तिसरा गोऱ्हा बाजारात गेला. चौथा, पाचवाही पुढे गेले. कालवडींपैकी एक बहिणीच्या लग्नात आंदण दिली, दोन विकल्या आणि एक कर्जात गेली. लहान शेतकऱ्याच्या दावणीचा हा नियमच आहे. अडचण येते तेव्हा ज्या जनावराला गिऱ्हाईक आधी मिळते तेच आधी विकले जाते, आणि गिऱ्हाईक आधी मिळते ते चांगल्याला. घरात उरते ते कोणी न घेतलेले.

तांबी म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात गेली. त्यानंतर किती तरी वर्षे वडील प्रत्येक बाजारात तशी गाय शोधीत होते. मालेगाव पाहिले, वाशीम पाहिले. देखण्या गाई पुष्कळ मिळाल्या. तशी मिळाली नाही.

आता आम्ही पोथीकडे वळतो, कारण आजीच्या त्या एका वाक्यात किती जुने शास्त्र होते हे आम्हांस फार उशिरा कळले. आपल्या धर्मात वृषोत्सर्ग नावाचा विधी आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने अकराव्या दिवशी, किंवा कार्तिकी पौर्णिमेस, वृषभ सोडावयाचा. त्याच्या अंगावर त्रिशूल आणि चक्र यांची चिन्हे डागीत. असा सोडलेला वळू कोणी बांधीत नसे, कोणी जुंपीत नसे. मराठीत त्यास 'पोळ' हा जुना शब्द आहे. तो गावाचा वळू होई. म्हणजे गेलेल्या माणसाचे पुण्य गावच्या गोधनाच्या रूपाने मागे राहत असे.

परंतु सोडावयाचा तो कोणता? विष्णुधर्मसूत्राच्या ८६ व्या अध्यायात यासंबंधी जे सांगितले आहे त्याचा आशय आम्ही येथे देतो. प्रथम वृषभाची परीक्षा करावी, असे तेथे आरंभीच म्हटले आहे. आणि परीक्षेची पहिली कसोटी वृषभाच्या अंगावर नाहीच. ती त्याच्या मातेत आहे. जिची वासरे जगतात अशा आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईचा तो पुत्र असावा. त्यानंतर मग तो सर्व लक्षणांनी युक्त असावा, अंगाने अव्यंग असावा, रंग अमुक असावा, कळपात उठून दिसावा, हे सारे येते. जिची वासरे जगतात तिला तेथे 'जीवद्वत्सा' असा शब्द आहे. पिठोरीची सून चौसष्ट योगिनींपाशी जे मागत होती ते या एका शब्दात आहे. आणि आमची आजी, जिला अक्षरओळखही नव्हती, ती तांबीविषयी तेच म्हणत होती.

आजचे पशुशास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. दूध वळू देत नाही, म्हणून त्याची पारख त्याच्या आईवरून, बहिणींवरून आणि पुढे त्याच्या मुलींवरून करावी लागते. मुलींच्या दुधावरून वळूची किंमत ठरविण्याच्या पद्धतीस संततीपरीक्षण म्हणतात. जगभर गुरांची जी सुधारणा झाली तिच्या मुळाशी हीच पद्धत आहे.

गोधनाची नोंद ठेवणे हेही आपल्याकडे नवे नव्हे. महाभारताच्या वनपर्वात दुर्योधन घोषयात्रेस निघतो तो पांडवांना हिणविण्यासाठी, हे खरे. पण निमित्त सांगतो ते गाईंच्या मोजदादीचे, आणि तेथे गेल्यावर वासरांवर खुणा करवितो, तीन वर्षांची जनावरे वेगळी मोजवितो. म्हणजे राजाने स्वतः जाऊन हे काम करणे तेव्हा शोभत होते. विराटाच्या घरी तंतिपाल होऊन राहिलेला सहदेव तर उत्तम लक्षणांचे वृषभ आपण ओळखतो, हे आपले मोठे भांडवल म्हणून सांगतो. कौटिल्याने गोऽध्यक्षाच्या प्रकरणात वासरू महिन्या-दोन महिन्यांचे झाले की त्याला खूण करावी, आणि खूण, रंग, शिंगांची ठेवण यांची नोंद करावी असे सांगितले आहे. शंभर गाईंच्या कळपात चार वृषभ असावेत हे प्रमाणही त्यानेच दिले आहे.

आमच्या जिल्ह्याच्या नावाचीही येथे आठवण होते. वाकाटकांच्या काळी वाशीम म्हणजे वत्सगुल्म. माहात्म्यात ते नाव वत्स ऋषींवरून आले असे सांगतात. पण वत्स म्हणजे वासरू हेही कोणास विसरता येत नाही. असो.

मग हे सारे मोडले कसे? पोळ सोडण्याची चाल मागे पडली, कारण मोकळा वळू उभ्या पिकांत शिरू लागला आणि गायरानेही आक्रसली. विधी पिठाच्या किंवा मातीच्या बैलावर भागविला जाऊ लागला. पुण्य पदरात पडले असेल, पण गावास वळू मिळाला नाही. निकृष्ट वळू खच्ची करण्याचा आणि चांगल्यांना परवाना देण्याचा कायदा जुन्या मुंबई इलाख्यात १९३३ सालीच झाला होता. कायद्याने वाईट वळू कमी करता येतो. चांगला वळू मात्र कोणाच्या तरी गोठ्यातच जन्मास यावा लागतो. त्यानंतर यंत्रे आली. आज सोयाबीनच्या पेरणीस ट्रॅक्टर येतो आणि बैलजोडी ठेवणारे घर कमी होते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गुरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटलेली आढळली. संख्या घटत असता उरलेल्यांची पारख अधिक निगुतीने करावयास हवी.

'आमच्याकडे दोन-तीनच गाई. आम्ही कसली पारख करणार?' असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. तो रास्त आहे. मोठ्या कळपाच्या मालकाला निवडीस वाव असतो, लहानाला नसतो. परंतु लहान दावणीला एक लाभ असा की तेथे प्रत्येक जनावर घरातल्या माणसासारखे ओळखीचे असते. ते डोळ्यांत असते, मनात असते. कागदावर मात्र नसते, आणि स्मरण हे फार लबाड असते. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचे भरलेले भांडे लक्षात राहते, चौथ्या महिन्यात ती आटली हे लक्षात राहत नाही.

यासाठी शाळेच्या मुलाची एक वही पुरे. महिन्यातून एक दिवस ठरवावा. अमावास्या ठरविली तर विसर पडणार नाही. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळचे दूध मापून लिहावे, वासराने प्यालेल्याचा अंदाज घ्यावा. समजा एका गाईच्या वहीत महिन्यामागून महिना ४, साडेचार, ४, साडेतीन, ३, अडीच, २ आणि दीड लिटर असे आकडे आले. बेरीज २५ झाली. तिला तीसने गुणले की त्या वेताचे दूध सुमारे ७५० लिटर भरले. शेजारच्या गाईने पहिल्या महिन्यात ६ लिटर देऊन गावात नाव मिळविले, पण पुढे ५, ३ आणि १ अशी ती चार महिन्यांत आटली, तर तिची बेरीज १५ आणि दूध ४५० लिटर. बाजारात दुसरीला अधिक किंमत येईल. वंश ठेवावयाचा तो पहिलीचा. आमची तांबी पाहुण्यांस का दाखविली जात नसे, याचा उलगडा आम्हांस ही आकडेमोड करताना झाला.

दुधाइतकेच दुसरे आकडे महत्त्वाचे. ती पहिल्यांदा व्याली तेव्हा किती वर्षांची होती? दोन वेतांत किती अंतर पडले? गाय साधारण २८० ते २९० दिवस गाभण राहते, तेव्हा जी व्याल्यावर तीन-चार महिन्यांत पुन्हा गाभण राहते ती सव्वा वर्षाच्या आत व्यायला हवी. दोन-दोन वर्षे लावणारी गाय देखणी असली तरी घरास जड जाते. तिची किती वासरे जगली? तिच्या बैलांनी किती वर्षे काम केले, उन्हात ते धापा टाकीत होते काय, मारके होते काय? २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा कोण आजारी पडले आणि कोण लवकर सावरले? आणि सर्वांत दुर्लक्षित रकाना, वासराचा बाप कोण? आमच्या खेड्यांत आई ठाऊक असते, बाप बहुधा ठाऊक नसतो. वासराचे निम्मे गुण बापाकडून येतात आणि तो रकानाच कोरा.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. सरकीची ढेप खाणारी एक गाय आणि नुसत्या कुटारावर असलेली दुसरी, यांचे आकडे शेजारी मांडू नयेत. एका गोठ्यातल्या, एका ऋतूत व्यालेल्या, एकाच वैरणीवरच्या गाईंतच खरी तुलना होते. शेजाऱ्याच्या गाईशी करावयाची तर आधी शेजाऱ्याच्या गव्हाणीत पाहावे.

आता गोष्ट वळूची. एका दावणीस वळू परवडत नाही, हे वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु चाळीस घरांच्या प्रत्येकी तीन गाई धरल्या तर त्या १२० होतात. कौटिल्याच्या शंभरी कळपाहून तो मोठा कळप झाला. फक्त तो चाळीस गोठ्यांत विखुरलेला आहे. नीट खाऊ घातलेला एक प्रौढ वळू वर्षास पन्नास-साठ गाईंना पुरतो, असे जाणकार सांगतात. म्हणजे गावास दोन वळू पुरेत. ज्या गाईच्या वह्या सर्वांत चांगल्या निघाल्या तिचा गोऱ्हा घाईने खच्ची करू नये. चाळीस घरांनी त्याची वैरण वाटून घ्यावी. तीन वर्षे झाली की मात्र तो दुसऱ्या गावास द्यावा आणि तेथला आपल्याकडे आणावा. कारण तोवर त्याच्या मुली माजावर येऊ लागतात. सगोत्र विवाह आपण टाळतो. गोठ्यात बाप आणि लेक यांची गाठ आपण डोळ्यांदेखत पडू देतो, आणि पुढे वासरे खुरटली की वैरणीला दोष देतो.

कृत्रिम रेतनाने ही अडचण पुष्कळ सोपी केली आहे. उणे १९६ अंश तपमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या नळीतून दूरच्या उत्तम वळूचे रेत गावातल्या गाईपर्यंत येते. पण कोणत्या जातीचे मागावे, हे विचारल्याशिवाय 'जे असेल ते घाला' असे म्हणण्याची सवय मोडावयास हवी. आमचा प्रदेश मधोमध आहे. पूर्वेस वर्ध्याकडची गवळाऊ, दक्षिणेस नांदेड-परभणीकडची लाल कंधारी. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी गुरांचे उमरडा आणि खामगाव असे प्रकार सांगितलेले आढळतात. आज आम्ही सरसकट सर्वांना 'गावरान' म्हणून मोकळे होतो. गावरान हे जातीचे नाव नव्हे. आपण पाहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पाहिले तर काय घडते, याची दोन उदाहरणे विदर्भातच आहेत. अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात भुरकट रंगाची म्हैस पिढ्यानुपिढ्या होती. गडचिरोली-चंद्रपूरकडे लहान चणीची, चिखलातील भातशेतीस उपयोगी पडणारी गाय होती. लोक त्यांना पाळीत होते, पण नोंदवहीत त्यांना स्थान नव्हते. अभ्यासकांनी गोठ्यागोठ्यांत जाऊन मापे घेतली, पाळणाऱ्यांनी माहिती दिली, आणि २०२३ साली कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत 'पूर्णाथडी' म्हैस आणि 'कठाणी' गाय या स्वतंत्र जाती म्हणून दाखल झाल्या. एकीला पूर्णेचे नाव मिळाले, दुसरीला कठाणीचे. नद्या आपल्याच आहेत.

तिसरे उदाहरण दूरचे आहे, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंध्रात ओंगोलजवळ करवडी नावाचे खेडे आहे. तेथल्या एका शेतकऱ्याच्या घरचा ओंगोल वळू १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्राझीलच्या पशुपालकांनी पारखून विकत घेतला आणि जहाजातून नेला. तेथे त्याला गावाचेच नाव राहिले, 'करवडी'. ब्राझीलमध्ये ओंगोलच्या वंशास नेलोर म्हणतात, आणि आज तेथील कोट्यवधी नेलोर गुरांच्या वंशावळीत या करवडीचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. खेडे म्हटले तर जऊळक्यासारखेच. दोघांत अंतर इतकेच की तेथे एक गोऱ्हा खच्ची झाला नाही, त्याची पारख झाली, आणि त्याच्या मुलामुलींची नोंद ठेवली गेली. समुद्रापलीकडच्या लोकांनी ती ठेवली, हे मात्र आम्हांस बोचते.

शासनाचे दार या कामी बंद नाही. २०१४ च्या राष्ट्रीय गोकुळ अभियानातून पुढे 'गोपाल रत्न' हा राष्ट्रीय पुरस्कार निघाला. मान्यताप्राप्त देशी जातींची जोपासना करणाऱ्यांस त्यात ५, ३ आणि २ लाख रुपयांची पारितोषिके ठेवलेली आहेत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राने देशी गाईस 'राज्यमाता-गोमाता' हा मान दिला. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस राज्यात मनाई झाली. त्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक पुष्कळांना कटकट वाटतो. आम्हांस तो कौटिल्याच्या डागाचा धाकटा भाऊ वाटतो. त्या क्रमांकापुढे मायबापाचे आणि वेतांचे आकडे चढले तरच त्याचा उपयोग. केवळ बिल्ला टोचून गाय कळत नाही.

परंतु प्रतिष्ठा ही शासनाआधी गाव देते, आणि गावाजवळ त्यासाठी आजच्यासारखा दिवस नाही. सजावटीचे बक्षीस खुशाल असू द्यावे, पोरांची हौस असते. त्याबरोबर आणखी एक नारळ ठेवावा, जिची वासरे जगली, जिचे दूध टिकले, जिचे बैल राबले अशा गाईच्या नावाचा. वह्या उघडून चार जाणत्यांनी तो ठरवावा. मानाची जोडी तोरणाखाली आली की जोडीच्या धन्याबरोबर तिच्या मायचेही नाव पुकारावे. एकदा असे नाव पुकारले गेले की त्या गाईची कालवड कोणी सहजासहजी कर्जात देणार नाही, आणि तिच्या गोऱ्ह्यासाठी चार घरे वैरण घेऊन पुढे येतील. किंमत वाढली की राखणही वाढते.

आमच्या घरी सध्या दोन गाई आहेत. तांबीच्या त्या आंदण दिलेल्या कालवडीच्या वंशातील एक कालवड चार वर्षांपूर्वी बहिणीच्या सासरहून आम्ही मागून आणली. वंश तोच आहे की नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, कारण मधल्या पिढ्यांची नोंद कोणी ठेवली नाही. शिंग मात्र एक वर आणि एक किंचित खाली आहे. ती दोनदा व्याली, दोन्ही वासरे जगली. दुसऱ्या वेताची बेरीज अजून पुरी व्हायची आहे. धाकटा गोऱ्हा अकरा महिन्यांचा आहे आणि त्याला तूर्त हात लावावयाचा नाही, असे घरात ठरले आहे.

आज सायंकाळी पोळा फुटून जोडी घरी येईल. सुवासिनी उंबरठ्यावर बैलांचे पाय धुतील, ओवाळतील, पुरणपोळीचा घास देतील, गड्यांच्या हाती बोजारा पडेल. यंदा एक नैवेद्याचे पान आधी गोठ्यात जाईल. त्यानंतर पिठोरीची पूजा. आणि आज अमावास्या असल्यामुळे, निजण्यापूर्वी दूध मापून वहीत लिहावयाचे आहे.